सड्यावरचा शरदोत्सव : तारीख कोणाच्या सोयीने ठरवावी?

सडेवाट

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या वरच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि कातळ सुरू होतो, तिथे आमचे छोटे निसर्ग परिचय केंद्र आहे. दोन खोल्या, एक पडवी, पावसाच्या पाण्याची टाकी आणि समोर पसरलेला सडा, म्हणजे कातळाचे सपाट पठार, एवढाच त्याचा पसारा. गेली तीन वर्षे आम्ही तिथे आश्विन महिन्यात शरदोत्सव भरवत आहोत. या उत्सवाची तारीख कशी ठरवावी, किती माणसांना बोलवावे आणि उत्सव मुळात कोणाचा मानावा, यावर आमच्या मंडळींत बराच खल झाला आहे. इथल्या अनुभवी सभासदांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी कोकणातला सडा फक्त मे महिन्यात पाहिला आहे, त्यांना आश्विनातला सडा ओळखू येणार नाही. श्रावण-भाद्रपदात कातळावर जो फुलांचा गालिचा असतो, तो आता विरळ होत जातो. गेंदाची पांढरी बोंडे देठांवर वाळू लागतात, सीतेच्या आसवांचा जांभळा रंग फक्त ओलसर खळग्यांच्या कडेला उरतो आणि गवत हिरव्यावरून सोनेरी होऊ लागते. या काळात फुलांपेक्षा बी महत्त्वाचे असते. तेरड्याची टपोरी बोंडे बोटांच्या चिमटीत धरली की क्षणात फुटतात, त्यांच्या साली आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया हातभर दूर उडतात. केंद्राच्या वाटेवर झाडाझाडांमध्ये मोठ्या कोळ्यांची सोनेरी झाक असलेली जाळी ताणलेली दिसतात. जाळ्याच्या मधोमध बसलेली मादी तळहातभर वाटते, आणि तिच्याच जाळ्याच्या कडेला असलेला नर इतका लहान असतो की पाहुण्यांना तो बोट दाखवूनच दाखवावा लागतो. सड्यावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगत असतात. ग्लोब स्किमर या नावाने ओळखले जाणारे हे चतुर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये मोठ्या संख्येने उतरतात आणि तिथून पुढे आफ्रिकेच्या दिशेने जात असावेत, असे अभ्यासक मानतात. आपल्या डोक्यावरून चाललेला हा एवढा मोठा प्रवास गावातल्या मुलांना कळावा, ही उत्सव सुरू करण्यामागची आमची पहिली इच्छा होती.

पहिली दोन वर्षे आम्ही ऑक्टोबरमधला एक रविवार निवडला, कारण मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना तो सोयीचा होता. पाहुणे आले, त्यांनी छायाचित्रे काढली, माहितीफलक वाचले, जेवले आणि संध्याकाळी परतले. वाडीतून मात्र केंद्राशी संबंधित चार-पाच माणसे सोडली तर कोणीही वर आले नाही. आम्हाला वाटले की गावाला या विषयात रस नाही. दुसऱ्या वर्षीचा उत्सव संपल्यावर मी भांडी परत द्यायला खाली गेलो, तेव्हा शेजारच्या मावशी पडवीत विळ्याला धार लावत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी हळव्या भाताच्या कापणीत उत्सव लावलाव, तर आमी वर येवचा कधी?" आम्ही सड्यावरच्या प्रत्येक गवताचे नाव लिहून ठेवले होते, पण खालच्या खाचरात लवकर पिकणारे हळवे भात कधी तयार होते याची आमच्या नियोजनात नोंद नव्हती. त्या एका वाक्याने मला जे कळले, ते आधीच्या दोन वर्षांच्या बैठकांमध्ये कळले नव्हते.

म्हणून तिसऱ्या वर्षी आम्ही मावशींनाच दिवस विचारला आणि त्यांनी नव्याची पौर्णिमा सांगितली. देशावर जी कोजागरी, तीच आमच्याकडे नवान्न पौर्णिमा. त्या दिवशी भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरी, कुरडूचा तुरा आणि झेंडूचे फूल आंब्याच्या पानात घालून त्याची जुडी बांधतात. ही जुडी, म्हणजे 'नवे', दाराला, देव्हाऱ्याला, धान्याच्या कणगीला आणि अवजारांनाही बांधली जाते. त्या सकाळी केंद्राच्या पडवीत वाडीतल्या अकरा बायका बसल्या आणि पाहुण्यांनी त्यांच्याकडून नवे बांधायला शिकून घेतले. मावशींनी केळीच्या वाळलेल्या सोपटाची दोरी पाण्यात भिजवून मऊ केली होती. जुडीला त्या फक्त दोन वेढे देत आणि टोक दाताने ओढून घट्ट करत. एका पाहुणीने कुरडूच्या तुऱ्याला "हे तण ना?" असे विचारले, तेव्हा मावशींनी त्याच रोपाचा कोवळा पाला पावसाळ्यात भाजीला कसा खुडतात, बी कशासाठी राखतात आणि शेतात ते नेमके किती राहू द्यायचे, हे सगळे सांगितले. केंद्रात कुरडूचा माहितीफलक होता आणि त्यावर यातली एकही गोष्ट नव्हती.

माझे म्हणणे असे की निसर्ग केंद्राचा उत्सव गावाच्या पंचांगात बसवायचा असतो, आणि तो तसा बसत नसेल तर पाहुण्यांची गैरसोय झाली तरी तारीख बदलायला हवी. आमच्यातल्या काही जणांना हे मान्य नाही. पौर्णिमा आठवड्याच्या मध्ये आली की पाहुणे निम्म्यावर येतात आणि केंद्राचा वर्षभराचा खर्च बऱ्याच अंशी या एका दिवसावर चालतो, ही त्यांची अडचण खरी आहे. आपल्याला काय वाटते?

लोंबी

मी कुडाळकडची. धागा वाचून बरे वाटले, पण एक सावधगिरी सुचवते. नव्याच्या पौर्णिमेला घरोघरी माणसे असतात हे खरे, मात्र तो दिवस रिकामा नसतो. घरात देवाचे असते, नैवेद्याचे असते आणि हळवे भात कापून झाले असले तरी झोडणी राहिलेली असते. त्यातच उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला पाणी आणि राखण लागते. उत्सवाच्या निमित्ताने बायकांनी सकाळी पडवीत बसून पाहुण्यांना शिकवायचे आणि दुपारी त्यांच्यासाठी रांधायचे, असे होत असेल, तर सण गावाचा राहूनही श्रम मात्र एकाच बाजूला पडतात. त्या अकरा जणींना त्या दिवसाचा मोबदला मिळाला का, आणि स्वयंपाक कोणी केला, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या मते तारखेपेक्षा हा प्रश्न आधीचा आहे.

दुसरे असे की पाऊस लांबला की भात मागे पडते आणि पौर्णिमेला लोंब्या हिरव्या असतात. आमच्याकडे अशा वर्षी घरापुरत्या चार लोंब्या पिकलेल्या खाचराच्या कडेने शोधून आणतात. पाहुण्यांच्या प्रत्येक जुडीसाठी लोंब्या कापायच्या तर त्या कोणाच्या शेतातून, हेही आधी ठरलेले असावे.

भटकंती_पुणे

मी पाहुण्यांच्या बाजूने लिहितो. तारीख कोणतीही असो, खरा प्रश्न संख्येचा आहे. कास पठाराला गर्दीमुळे जे भोगावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथे दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आले आणि आसपासच्या गावांची समिती हे सगळे सांभाळू लागली. पठाराला कुंपण घातले गेले आणि पुढे ते काढण्यातही आले, कारण गुरांची चराई थांबल्याचा फुलांवर परिणाम होतो का, हा प्रश्न उभा राहिला. कातळावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. त्यावर एकाच दिवशी काही शेकडा बूट फिरले, तर पुढच्या पावसात तिथे काय उगवेल, याचा विचार आधी व्हायला हवा. आपल्याकडे किती माणसे येतात आणि ती कातळावर नेमकी कुठून चालतात?

वेळासचे उदाहरणही विचारात घ्यावे असे वाटते. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे २००२ साली कासवांच्या अंड्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाल्यावर पाहुणे गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले. मी तिथे दोनदा गेलो आहे. पहाटे समुद्राकडे धावणारी पिल्ले पाहायला मिळाली तर आनंद होतोच, पण एकदा आम्हाला एकही पिल्लू दिसले नाही. तरीही आमच्या घरमालकिणीने दिलेली आमसुलाची कढी आणि तिने सांगितलेल्या जुन्या दिवसांच्या गोष्टी यांमुळे ती फेरी वाया गेली असे मला वाटले नाही. पैसा थेट घरात जातो, त्यामुळे कासवाचे घरटे टिकावे असे त्या घराला मनापासून वाटते.

सडेवाट

लोंबीताई, आपला प्रश्न योग्य जागी लागला आहे. मागच्या वर्षी स्वयंपाक वाडीतल्या बचत गटाने केला आणि त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे दिले गेले. पडवीत बसलेल्या बायकांना मात्र आम्ही साडी-नारळ देऊन मान केला, मोबदला दिला नाही. त्या वेळी ते पुरेसे वाटले होते. आपण लिहिल्यावर मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या की मान मिळाला याचा आनंद आहे, पण त्या दिवशीची मजुरी बुडाली हेही खरे आहे. यंदा शिकवणाऱ्या प्रत्येकीला शेतमजुरीच्या दराने मानधन द्यायचे आणि ते पाहुण्यांच्या शुल्कात आधीच धरायचे, असे ठरवले आहे. लोंब्या केंद्रालगतच्या एका खाचरातून घेऊ आणि त्या शेतकऱ्याला धान्याच्या हिशेबाने भरपाई देऊ.

भटकंती, मागच्या वर्षी बाहेरून साधारण नव्वद माणसे आली आणि वाडीतली साठेक होती. आम्ही चुन्याची रेघ मारून एकच पायवाट आखली होती, ती गुरांच्या जुन्या वाटेवरूनच जाते. तिथला कातळ आधीच उघडा आहे. तरीही काही जण छायाचित्रासाठी रेघ ओलांडून ओलसर खळग्यापर्यंत गेले आणि तिथे असलेली दवबिंदूची इवली रोपे तुडवली गेली. कीटकांना चिकट केसांत पकडणारी ही वनस्पती नाण्याएवढीच असते. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला पायाखाली लालसर शेवाळ आहे असेच वाटते. त्या खळग्यापाशी यंदा वाडीतला एक मुलगा उभा राहील आणि भिंगातून ते रोप दाखवेल. नीट बघायला बोलावले की माणसे तुडवत नाहीत, असा माझा अनुभव आहे, आणि नुसत्या 'प्रवेश निषिद्ध' अशा पाटीने ते साधत नाही.

हस्त

मी वाईजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे सूर्याने हस्त नक्षत्रात प्रवेश केला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, की हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात आणि खिरापत ओळखायची चढाओढ लागते. शाळेच्या आवारात आम्ही गेली काही वर्षे हत्तीभोवती रांगोळीऐवजी त्या दिवसांत परिसरात मिळालेल्या बिया, शेंगा, गळलेली पिसे आणि पाने मांडतो. मुलींना दर दिवशी एक नवी वस्तू आणावी लागते आणि तिचे नाव आजीला विचारून यावे लागते. नाव पुस्तकातून आणलेले चालत नाही, एवढा एकच नियम आहे. त्यामुळे एका गवताची तीन वेगवेगळी नावे तीन घरांतून आली आणि तिन्ही आम्ही फळ्यावर लिहिली.

दसऱ्याला आपट्याची पाने ओरबाडली जातात, तो विषयही उत्सवात घ्यावा असे सुचवते. बाजारात सोने म्हणून विकली जाणारी बरीच पाने कांचनाची असतात. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे त्या मानाने मोठे आणि पातळ असते. मुलांच्या हातात दोन्ही पाने ठेवून डोळे मिटायला सांगितले, तर ती दुसऱ्याच मिनिटाला नुसत्या स्पर्शाने ओळखू लागतात. उत्सवात आपट्याची रोपे ठेवता आली तर फांद्या तोडण्याऐवजी रोप घेऊन जाण्याची सवय लागेल.

रात्रीसाठी काही योजना आहे का? आम्हाला पतंग पाहायला पांढरा पडदा आणि दिवा लावून बसायला आवडते.

सडेवाट

हस्त, आजीला विचारून नाव आणण्याचा नियम मी आपल्या परवानगीने उचलत आहे.

पतंगांचा पडदा आम्ही मागच्या वर्षी लावला होता आणि फारसे काही आले नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात दिव्याकडे येणाऱ्या पतंगांची संख्या कमी होते, हे नंतर एका जाणत्या अभ्यासकाने समजावले. पडद्याला अमावास्येच्या आसपासची रात्र चांगली. पण त्याच रात्री आम्हाला दुसरे काही सापडले. विजेरी कपाळाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून गवताकडे पाहिले की जमिनीवरच्या शिकारी कोळ्यांचे डोळे हिरवट-निळ्या ठिणग्यांसारखे चमकतात. विजेरी कमरेपाशी धरली तर काहीच दिसत नाही, कारण डोळ्यांत परावर्तित झालेला उजेड आल्या वाटेनेच परत जातो. वाडीतली मुले त्या गवतातून रोज जातात, तरी त्यांनीही हे कधी पाहिले नव्हते. एका मुलाने मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे त्याचा आकडा चुकला. त्यानंतर आम्ही विजेऱ्या विझवून चांदण्यात बसलो, आटीव दूध प्यायलो आणि सड्याच्या पलीकडून येणारी रातवा पक्ष्याची एकसुरी टकटक ऐकली. ध्वनिवर्धक न लावण्याचा आमचा निर्णय त्या अर्ध्या तासात सगळ्यांना आपोआप पटला.

साकव

मी ग्रामीण रुग्णालयात काम केलेला वैद्यकीय अधिकारी आहे. उत्सवाचे वर्णन आवडले, पण दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट फुरशाची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळावर आणि गवतात फुरसे भरपूर आहे, आणि आश्विन-कार्तिकात गवत कापणाऱ्यांना त्याचा दंश होण्याचे प्रसंग येतात. रात्री गवताशी वाकून कोळ्यांचे डोळे शोधणाऱ्यांनी घोट्याच्या वर येणारे बूट घातले पाहिजेत आणि दगडांच्या फटीत हात घालता कामा नये. सर्पदंशावरची लस कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी आदल्या दिवशीच करावी आणि एक वाहन चालकासह तयार ठेवावे. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, अवयव हलू न देता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

दुसरी गोष्ट परतीच्या पावसाची. ऑक्टोबरमध्ये सकाळ स्वच्छ असते, दुपारी उकाडा वाढतो आणि तीन-चारच्या सुमारास ढग येऊन विजा कडाडू लागतात. मोकळ्या सड्यावर माणूस हीच सर्वात उंच वस्तू असते. एकट्या झाडाखाली आसरा घेणे तितकेच धोक्याचे आहे. सड्यावरची फेरी दुपारच्या आत संपलीच पाहिजे.

पानगळ

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते. इथे ग्रामीण भागातल्या निसर्ग केंद्रांवर ऑक्टोबरात असे उत्सव भरतात. लाकडी चरकात सफरचंदे पिळून रस काढतात, लहान मुलांना गवताच्या गाडीतून फिरवतात आणि दूरवरच्या डोंगरधारेवरून दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजतात. याच राज्यातल्या हॉक माउंटनवर पूर्वी लोक स्थलांतर करणारे ससाणे आणि गरुड बंदुकीने मारायला जमत. रोझली एज या बाईंनी १९३४ साली तो डोंगर संरक्षित करून घेतला आणि तिथे रखवालदार ठेवला. पुढे त्याच कड्यावर लोक पक्षी मोजायला जमू लागले.

आमच्या जवळच्या केंद्रावर मी तीन वर्षे स्वयंसेवक आहे. उत्सवाच्या दिवशी सफरचंदांचा चरक फिरवायला उभे राहणारे आजोबा शेजारच्या बागेचे मालक आहेत, आणि कोणते फळ आंबट, कोणते गोड, रसात कशाचे प्रमाण किती, हे तेच ठरवतात. केंद्राचे कर्मचारी त्यांना काही सांगत नाहीत. आपण वर्णन केलेल्या मावशी वाचताना मला तेच आजोबा आठवले. खर्चाबाबत एक सांगते. इथे केंद्राचा खर्च एका दिवसावर चालत नाही, वर्षभराच्या वर्गणीवर चालतो, आणि उत्सव हा वर्गणीदारांना भेटण्याचा दिवस असतो. परदेशातल्या आपल्या माणसांनाही अशी वर्गणी कायदेशीर मार्गाने देता येईल का, हे आपल्या लेखापालांना विचारून पाहावे.

लोंबी

मानधनाचा निर्णय वाचून समाधान वाटले. आणखी एकच विचारते. उत्सवानंतर सड्यावरच्या गवताचे काय करता? आमच्याकडे कापलेल्या सड्यावर वणवा फिरत नाही, उभे गवत राहिले की माघात पेटते.

सडेवाट

लोंबीताई, मागच्या वर्षी नेमके तेच घडले. केंद्राच्या मागचे गवत 'नैसर्गिक राहू द्यावे' म्हणून आम्ही कापू दिले नाही, आणि फेब्रुवारीत खालून आलेला वणवा तिथूनच आत शिरला. लावलेल्या रोपांपैकी निम्मी गेली. ज्यांना आम्ही गवत कापू दिले नव्हते, तीच माणसे हिरव्या फांद्या घेऊन आग विझवायला सर्वांत आधी धावून आली. यंदा बी झडून गेल्यावर वाडीतल्या गुरांसाठी ते गवत कापायला खुले ठेवायचे ठरले आहे. दिवाळीनंतर भारे बांधून नेतील आणि वणवा आत येऊ नये म्हणून केंद्राभोवती जाळरेषाही काढतील.

सर्वांच्या सूचना काल रात्री वाडीच्या बैठकीत वाचून दाखवल्या. उत्सव नव्याच्या पौर्णिमेलाच होईल. बाहेरचे पाहुणे साठच घेऊ, त्यातले मुक्कामाला राहणारे वाडीतल्या घरांमध्ये राहतील. सड्यावरची फेरी सकाळी सातला निघून साडेदहाला परत येईल, आणि बूट नसलेल्याला रात्रीच्या फेरीत घेतले जाणार नाही. खर्चात जी तूट येईल तिच्यासाठी पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरच्या दरम्यान, शहरातल्या मंडळींसाठी वेगळी दोन दिवसांची पक्षीनिरीक्षण फेरी ठेवू. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून येणारा तो आठवडा आहे. तोवर हळव्या भाताची कापणी उरकलेली असते, धोबी पक्षी उतरलेले असतात आणि आमची माणसेही थोडी मोकळी होतात.

बैठक संपताना मावशींनी विचारले की साठ पाहुणे, म्हणजे साठ जुड्या, आणि वाडीतल्या चोवीस घरांच्या वेगळ्या, तर एवढी कुरडू कुठून आणायची. मागच्या वर्षी आम्ही केंद्राच्या आवारातली कुरडू तण म्हणून उपटली होती. यंदा टाकीच्या मागे ती मुद्दाम राखली आहे. काल जाऊन पाहिले, तुरे गुलाबी झाले आहेत आणि खालून पांढरे पडू लागले आहेत. पौर्णिमेपर्यंत पुरतील असे मावशींचे म्हणणे आहे.